जुनी मोटर बोट बघायला गेलो आणि आबिड्सहून रिकाम्या हाताने का आलो



हैदराबादला बोट घ्यायला गेलात आणि तसेच परत आलात, मग जाण्यायेण्याचा खर्च कशाला केला, असं काही सभासदांनी विचारलं. विचारायलाच पाहिजे, पैसा संस्थेचा आहे. म्हणून जे बघितलं आणि जे शिकलो ते सगळं इथं लिहितोय. लेख लांबला आहे. पण आज ना उद्या आपल्यातलं कुणीतरी जुनी मोटर बोट बघायला जाणारच, संस्थेसाठी नाही तर स्वतःसाठी. त्याला उपयोग होईल.

विषय सगळ्यांना माहीत आहे. नुसत्या जाळ्यावर आता भागत नाही. शनिवार-रविवारी धरणावर माणसं फिरायला येतात, त्यांना फिरवून चार पैसे मिळावेत म्हणून केबिनवाली जुनी लाँच घ्यायचं सभेत ठरलं. (जलसंपदा विभागाची परवानगी हा वेगळा विषय आहे, त्यावर सभेत बोलू.) हैदराबादच्या एका दलालाकडून फोटो आले. अठ्ठावीस फुटी फायबरची क्रूझर, डिझेल इंजिन, पांढरी शुभ्र, वर गच्ची आणि गच्चीवर बाकं. फोटो बघून सगळेच खूश. बयाणा खिशात घेऊनच आम्ही चौघं रात्रीच्या गाडीत बसलो.

उतरलो आबिड्सला, मोठ्या पोस्ट ऑफिसपासून जवळच्या एका लॉजवर. रविवार होता. आबिड्सला रविवारी दुकानं बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांवर, फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. दलाल अकरानंतर येणार होता, म्हणून आम्ही फिरत बसलो. आमच्यातल्या मामांना एका डिझेल इंजिनाचं जुनं मॅन्युअल दिसलं. मामांनी ते उघडायच्या आधी उलटं केलं, पाठ बघितली, शिवण ओढून बघितली, मधली पानं आहेत का ते मोजलं, वास घेतला आणि मग भाव विचारला. पन्नास रुपयांच्या पुस्तकाला एवढी तपासणी! आणि लाखोंच्या बोटीला आम्ही फक्त फोटो बघून निघालो होतो. हे आम्हाला तिथं फुटपाथवरच जाणवलं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाज वाटली.

मग मामांच्या ओळखीतून एक सर्व्हेअर गाठले. हैदराबादेतच वाढलेले, मराठी घरातले, उभी हयात जहाजांवर गेलेली. त्यांनी पहिलंच विचारलं, "बोट पाण्याबाहेर काढून दाखवणार का?" आम्ही दलालाला फोन लावला. तो म्हणाला, "क्या जरूरत है साब, इंजन एकदम मक्खन है." सर्व्हेअर साहेब हसले. म्हणाले, इंजिन बिघडलं तर बोट थांबते, तळ बिघडला तर बोट बुडते. आधी तळ.

शेवटी मालक तयार झाला. बोट शहराबाहेरच्या एका जलाशयात होती, क्रेनने काठावर घेतली. क्रेनचं भाडं आम्ही दिलं. तो खर्च हिशोबात वेगळा दाखवला आहे, आणि सगळ्या दौऱ्यात तोच सगळ्यात कामाचा खर्च ठरला. आपल्याकडे क्रेन नाही मिळाली तरी हरकत नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं तेव्हा बोट काठाच्या गाळावर आपोआप बसते. जुनी बोट बघायला जायचं तर एप्रिल-मे मध्येच जावं. पाणी भरलेलं असताना विकणाऱ्याला घाई असते, त्याला कारण असतं.

आता तळाकडे येऊ. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक समज पक्का बसलाय की समुद्राचं खारं पाणी बोट खातं आणि गोडं पाणी बोटीला चांगलं. लोखंडाच्या बाबतीत यात तथ्य आहे. फायबरच्या बाबतीत मात्र उलटं आहे. फायबरच्या वर जो गुळगुळीत चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात, त्यातून पाण्याचा ओलावा अगदी हळू आत शिरतो आणि आतल्या कच्च्या राहिलेल्या रसायनाबरोबर मिसळून द्रव तयार करतो. मग बाहेरचं पाणी त्या द्रवाकडे ओढलं जातं, जसं मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं त्याच तत्त्वावर. पाणी जितकं गोडं आणि जितकं कोमट, तितकं हे वेगाने होतं. म्हणजे आपल्या धरणाचं पाणी यासाठी एकदम अनुकूल. याने तळावर फोड येतात, काही मुगाएवढे, काही रुपयाएवढे. फोड टोचला तर आंबूस वासाचा चिकट द्रव उडतो, आत दाब असतो, म्हणून टोचताना डोळ्याला चष्मा पाहिजे. थोडे फोड असणं म्हणजे बोट संपली असं नाही, दुरुस्ती होते. पण दुरुस्तीला बोट बरेच दिवस, कधी काही महिने कोरडी ठेवावी लागते, आणि तेवढा धंदा बुडतो. तो भावातून वजा करायचा.

लाकडाचंही तसंच. फायबरच्या बोटीत डेकच्या आत, आणि मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात तिच्या आत, बहुतेक वेळा प्लायवूड भरलेलं असतं. खाऱ्या पाण्याने लाकूड कुजायला वेळ लागतो, पावसाच्या पाण्याने लवकर कुजतं. एखादा स्क्रू ढिला, त्यातून पावसाळाभर थेंब थेंब आत, आणि बाहेरून सगळं पांढरं शुभ्र.

हे बाहेरून कळायचं कसं? साहेबांनी प्लास्टिकची छोटी हातोडी काढली आणि अख्ख्या तळावर वीत-वीत अंतराने टकटक करत गेले. जिथं फायबर एकसंध आहे तिथं खणखणीत आवाज. जिथं थर सुटलेत किंवा आत लाकूड कुजलंय तिथं भद्द. आपण कलिंगड वाजवून बघतो तसंच, फक्त इथं भद्द आवाज आला की नको म्हणायचं. मागच्या फळीवर डाव्या बाजूला हातभर भागात आवाज बदलला. त्यावर खडूने गोल काढला. मग डेकवर टाचेने दाबत चालायला लावलं. कुठं पाऊल किंचित दबतं का ते बघायचं. दोन ठिकाणी दबलं, दोन्ही ठिकाणी वर रेलिंगचे खांब होते. खांबाच्या स्क्रूतूनच पाणी गेलेलं.

बाहेरून इंजिन टांगलेली बोट असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. इंजिनाचा खालचा भाग धरून जोरात वरखाली हलवायचा आणि दुसऱ्याने मागच्या फळीकडे बघत राहायचं. फळी श्वास घेतल्यासारखी हलली तर सौदा तिथंच थांबवा.

धरणातल्या बोटीला आणखी एक दुखणं असतं, जे खाडीतल्या बोटीला नसतं. धरणाखाली गावं गेलेली असतात. उजनी घ्या, जायकवाडी घ्या. भिंती, झाडांचे बुंधे, विहिरींची कडी पाण्यात तशीच असतात आणि पाणी उतरायला लागलं की तळाला लागतात. म्हणून कण्याच्या रेषेवर आणि पंख्याच्या पुढं नव्या फायबरचे ठिगळ शोधायचे. ठिगळ असणं गुन्हा नाही. लपवलेलं ठिगळ वाईट. तळाच्या बाहेर ठिगळ असेल तर आतून त्याच जागी बघा, आतही भरणी केली आहे की नुसतं बाहेरून लिंपलंय.

लोखंडी बोट असेल तर थोडक्यात एवढंच. पाण्याची रेघ जिथं असते तिथं आणि आतून तळाला जिथं पाणी साचतं तिथं पत्रा सगळ्यात जास्त खातो. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने मोजून घ्या, एका ठिकाणी नाही, पन्नास ठिकाणी. आणि तळाला जे धातूचे गट्टे लावलेले असतात, जे स्वतः झिजून पत्रा वाचवतात, ते कशाचे आहेत विचारा. जस्ताचे गट्टे खाऱ्या पाण्यात चालतात, गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढतो आणि ते काम करेनासे होतात. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचे लागतात. आपण बघितलेली बोट आधी खाडीत चालायची. गट्टे तेच जस्ताचे, अगदी नव्यासारखे. दलाल म्हणाला, बघा किती कमी झिजलेत! झिजले नाहीत म्हणजे कामच केलं नाही. त्याचा परिणाम पंख्यावर दिसत होता, पात्यांच्या टोकाला पितळ गुलाबी पडलं होतं. पितळेतलं जस्त निघून गेलं की ते असं गुलाबी आणि ठिसूळ होतं.

इंजिनाचं आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळतं, त्यामुळे जास्त लिहीत नाही. एकच सांगतो. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं होतं. गरम इंजिन कसंही पहिल्या झटक्यात सुरू होतं. साहेबांनी हात लावून बघितलं आणि बंद करायला सांगितलं. दोन तास तसंच ठेवून मग सुरू केलं. पहिला धूर बघायचा. काळा म्हणजे इंजिनावर बोजा किंवा डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा जात नसेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा आत पाणी शिरतंय. ऑइलची काडी ओढा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. इंजिनाखालचा खण नुकताच रंगवलेला असेल तर त्या रंगाखाली काय होतं ते विचारा. आणि वायरिंग घरगुती असेल, फ्यूज नसेल, बॅटरी नुसती ठेवलेली असेल, तर बोटीला बाकी काय काय जुगाड असेल याचा अंदाज तिथंच येतो. ह्या बोटीचं इंजिन मात्र खरंच चांगलं होतं. दलाल तेवढ्यापुरता खरं बोलला.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ज्यावर आमच्यातच रात्री लॉजवर वाद झाला, ते म्हणजे वरची गच्ची.

गच्ची मूळ बोटीची नव्हती. मालकाने नंतर लोखंडी पाइप लावून वर पत्रा टाकला, बाकं ठोकली, म्हणजे जास्त माणसं बसतील. बोट पाण्यात परत सोडली तेव्हा साहेबांनी आम्हाला काठाला धरून ती एकदा हलवायला लावली आणि सोडून द्यायला सांगितलं. बोट हळूच एका बाजूला गेली, तिथं क्षणभर थांबली, मग सावकाश दुसऱ्या बाजूला आली. आम्हाला वाटलं किती छान, पाळण्यासारखी. साहेब म्हणाले, हीच तर भीती आहे. चांगली बोट झटकन सरळ होते, थोडी धक्के देते. जी बोट सावकाश डुलते आणि टोकाला जाऊन विचार करते, तिचं वजन वर गेलेलं असतं. उसाची ट्रॉली आठवा. रिकामी ट्रॉली खड्ड्यात धाडकन आदळते पण पडत नाही. वरपर्यंत भरलेली ट्रॉली हळूहळू झुलते, आणि झुलता झुलता जाते.

मग आम्ही चौघं, दलाल आणि क्रेनवाला पोरगा असे सहा जण गच्चीवर चढून एका बाजूला उभे राहिलो. साहेबांनी खाली पट्टीने पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर मोजलं. वीतभर कमी झालं, ते फक्त सहा जणांत. गच्चीवर बाकं होती सोळा जणांची.

हे काही कागदी गणित नाही. ३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेक्कडीच्या तलावात 'जलकन्यका' नावाची दोन मजली फायबर बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. प्रवासी प्राणी बघायला एका बाजूला गेले आणि बोट तशीच कलंडली. ७ मे २०२३ ला केरळातच तानूरजवळ 'अटलांटिक' नावाची बोट उलटली, २२ जण गेले, त्यात बरीच लहान मुलं. ती बोट मूळची मासेमारीची होती, तिला बदलून पर्यटकांसाठी केलेली. हे वाक्य आपण सगळ्यांनी दोनदा वाचावं, कारण आपल्याही काही सभासदांच्या मनात आपलीच मासेमारीची बोट तशी करून घ्यायचं आहे.

आणि हैदराबादेत तर याचं उदाहरण डोळ्यासमोर उभं आहे. आबिड्सहून हुसेनसागर जवळच. तलावात मध्यभागी जी बुद्धाची मूर्ती उभी आहे ती एकाच दगडाची, साडेचारशे टनांच्या आसपास वजनाची. मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तराफा कलला, मूर्ती तलावात गेली, सोबत माणसंही गेली. ती बाहेर काढून उभी करायला १९९२ चा डिसेंबर उजाडला. संध्याकाळी आम्ही टँकबंडवर उभे राहून तिच्याकडे बघत होतो, तेव्हा मामा म्हणाले, "एवढा मोठा तराफा कलतो, मग आपली अठ्ठावीस फुटी काय चीज आहे."

तपासणी म्हणजे सगळ्या संकटावर उतारा असंही नाही. १५ सप्टेंबर २०१९ ला गोदावरीत देवीपट्टणमजवळ कच्चुलूरुला 'रॉयल वशिष्ठ' बुडाली. बोटीत सत्तरहून जास्त माणसं होती, हैदराबाद-वारंगळकडची बरीच. पन्नासच्या आसपास माणसं गेली. नदी पुरात होती आणि त्या वळणावर मोठे भोवरे पडतात. बोट ३७ दिवसांनी, २२ ऑक्टोबरला बाहेर निघाली. अशा पाण्यात नवी कोरी बोटसुद्धा घालू नये. आपल्या उजनीतही २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. वाऱ्याला बोटीचे कागद दिसत नाहीत.

कागदांचं मात्र तरीही बघावंच लागतं. देशाच्या आतल्या पाण्यातल्या यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आला, आणि तो जून २०२२ पासून लागू आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र दोन्ही लागतात, किती माणसं बसवायची ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. बोटीत मोठा बदल करायचा तर आधी मंजुरी लागते. आम्ही बघितलेल्या बोटीचं सर्वेक्षण प्रमाणपत्र होतं, मुदतीतलं होतं, शिक्का होता. आमच्यातले दोघं म्हणाले, झालं की मग, सरकारने पास केलीय. साहेबांनी प्रमाणपत्राची तारीख दाखवली आणि मालकाला विचारलं, गच्ची कधी केली? गच्ची नंतरची निघाली. म्हणजे कागद ज्या बोटीचा होता ती बोट आता अस्तित्वातच नव्हती.

सरकारी सर्वेक्षण आणि खरेदीआधीची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात गल्लत करू नका. पहिली सांगते की त्या दिवशी बोट नियमात बसत होती. दुसरी सांगते की ह्या भावाला ही बोट घ्यावी का. दुसरीसाठी सर्व्हेअर आपण लावायचा आणि पैसे आपण द्यायचे. विकणाऱ्याने "माझ्याकडे रिपोर्ट आहे" म्हटलं तर घ्या, वाचा, आणि बाजूला ठेवा. इंजिन नंबर, बोटीचा नंबर कागदाशी जुळवा, बँकेचं कर्ज बाकी नाही याचा दाखला मागा.

आणि रिपोर्ट वाचताना सगळेजण शेवटचा भाग वाचतात, 'सर्वसाधारण स्थिती चांगली'. तो नका वाचू. 'अमुक भाग बघता आला नाही' असं जिथं जिथं लिहिलंय ती वाक्यं आधी वाचा. आमच्या रिपोर्टमध्ये अशी चार वाक्यं आहेत. डिझेलची टाकी खालून बघता आली नाही. केबिनच्या तक्तपोशीमागचा भाग उघडू दिला नाही. इंजिन उघडलेलं नाही. गच्ची धरून बोटीच्या स्थिरतेचा हिशोब उपलब्ध नाही. सर्व्हेअरने जे बघितलं त्याची जबाबदारी त्याची, जे बघितलं नाही त्याची जोखीम आपली.

तर आम्ही बयाणा दिला नाही. दलाल रागावला, स्टेशनपर्यंत फोन करत होता. मालकाने दुसऱ्या दिवशी भाव बराच उतरवला, आणि तेव्हा आमच्यातल्या एकाचं मन डळमळलं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही मालकाला कळवलंय की गच्ची पूर्ण काढा, मागची फळी उघडून प्लायवूड नवं भरा, आणि नवीन सर्वेक्षण करून घ्या, मग पुन्हा बघू. खाली बसवून बारा-चौदा माणसंच नेता येतील, म्हणजे आपण फेरीचा जो हिशोब मांडला होता तो निम्म्यावर येतो. तेवढ्यात परवडतं का, की ह्या वर्षी बोट घेऊच नये, यावर सभेत मत द्या. सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि क्रेनच्या पावतीची प्रत कार्यालयात ठेवली आहे, कुणीही येऊन वाचावी. मामांनी ते डिझेल इंजिनाचं मॅन्युअल चाळीसला घेतलं, तेही कार्यालयातच आहे. मधली दोन पानं नाहीत.